थोरल्यांची जीभ

रविवारी सकाळी चष्म्याच्या दुकानाचं शटर अर्धंच वर असायचं. एखादं गिऱ्हाईक वाकून आत डोकवायचं, "चालू आहे का?" विचारायचं, आणि चष्मेवाले काका मागच्या खोलीतूनच ओरडायचे, "बंद आहे!" त्या खोलीत एरवी ते लोकांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावून डोळे तपासायचे. रविवारी तिथे चार खुर्च्या जवळ ओढल्या जायच्या, चहाचा थर्मास मधे यायचा आणि शेअरची बैठक भरायची.

बैठकीत काकांसह चौघं. निवृत्त गणित-शिक्षकांना सगळे टक्के मास्तर म्हणायचे, कारण ते सुनेच्या हातच्या चहाबद्दलसुद्धा "कालच्यापेक्षा पाच टक्के बरा" असं बोलायचे. मामी कुणाची मामी होती हे कुणालाच माहीत नव्हतं. तिच्या नवऱ्याचे ट्रक होते. तो हॉस्पिटलात शेवटच्या घटका मोजत होता तेव्हाच तिने ट्रकांना गिऱ्हाईक बघून ठेवलं होतं, आणि हे ती स्वतःच कौतुकाने सांगायची. "मागाहून विकले असते तर विधवेचा माल म्हणून पाडून मागितले असते मेल्यांनी," असं वर.

चौथे दातांचे डॉक्टर. वयाने सगळ्यांत लहान, बोलण्यात सगळ्यांच्या मागे. मास्तर त्यांची गणितं सुधारायचे, मामी त्यांना अधूनमधून झापायची. तरी ते एक रविवार चुकवत नसत. आठवडाभर लोकांच्या उघड्या तोंडात वाकून बघणाऱ्या माणसाला कुणीतरी आपल्याशी बोलावं असं वाटतं, आणि तोंडात नळी खुपसलेला पेशंट काय बोलणार?

चौघांचे सगळ्यांत जास्त पैसे एकाच शेअरमध्ये होते. गिअरबॉक्स बनवणारी घरगुती कंपनी. बापाने पत्र्याच्या शेडमध्ये काढलेली, आता दोन भाऊ चालवत होते. धाकटे हिशेब आणि बाहेरदेशची गिऱ्हाइकं सांभाळायचे, चांगले कपडे घालायचे, सगळ्यांना हो म्हणायचे. कारखाना थोरल्यांचा. चालत्या गिअरबॉक्सवर तळहात ठेवून आतलं कुठलं बेअरिंग जाणार हे ते सांगायचे, आणि ते जायचं. बाजारात सगळे म्हणत, कंपनी म्हणजे थोरले, बाकी नुसतं लोखंड. कित्येक वर्षं एक परदेशी कंपनी विकत घ्यायला मागे लागली होती. थोरले दर वेळी त्या लोकांना चहा पाजून फाटकापर्यंत पोचवून यायचे.

माणूस गोड नव्हता. जीभ अशी की फोरमनच्या डोळ्यांत पाणी यावं. एकदा एका जुन्या कामगाराला त्यांनी त्याच्या मुलासमोर असं काही सुनावलं की तो जेवणाचा डबा तिथेच ठेवून निघून गेला, तो पुन्हा आला नाही. थोरल्यांनी तो डबा महिनाभर तसाच ठेवायला लावला, बाकीच्यांना दिसावा म्हणून.

डॉक्टरांनाही त्या जिभेचा प्रसाद मिळाला होता. कंपनीच्या वार्षिक सभेत ते धीर करून उभे राहिले आणि यंदा नफ्याचं प्रमाण का घसरलं, असं विचारलं. प्रश्न मास्तरांनी लिहून दिला होता. थोरल्यांनी माईक जवळ घेतला.

"डॉक्टर, तुम्ही माणसांचे दात बघा. गिअरचे दात बघायला मी आहे."

सभागृह खो खो हसलं. काका हसले, मास्तर हसले, मामी तर पदर तोंडाला लावून हसली. डॉक्टर खाली बसले तेव्हा त्यांचे कान तापले होते. सभा सुटल्यावर थोरल्यांनीच त्यांना दारात गाठलं आणि खांद्यावर हात टाकला. "रागावलात की काय? अहो, गंमत केली. मला एक दाढ त्रास देते आहे, येऊ का दाखवायला?"

ते खरंच आले, आणि पुढे येतच राहिले. डॉक्टर घरी बायकोला सांगायचे, "मोठा माणूस, पण आपल्याशी किती साधं वागतो." तरी थोरले तोंड उघडून खुर्चीत रेलले की डॉक्टरांना ते हसू ऐकू यायचं.

अशाच एका भेटीत थोरले म्हणाले, "जिभेला काहीतरी टोचतंय. तिखट लागलं की जीव जातो."

डॉक्टरांनी दिवा खाली ओढला, कापसाच्या तुकड्याने जीभ धरून बाजूला घेतली. मागच्या दाढेच्या समोर, जिभेच्या कडेला एक जखम होती. नखाएवढी. कडा उचललेल्या, मधे खड्डा. त्यांनी बोट ठेवून दाबून पाहिलं. खाली टणक लागलं. मग काहीच न बोलता त्यांनी थोरल्यांच्या जबड्याखालून, मानेवरून बोटं फिरवली. गाठ नव्हती. निदान अजून नव्हती.

ते काय आहे हे डॉक्टरांना कळलं होतं. खात्री तुकडा काढून तपासल्याशिवाय देता येत नाही, हे खरं. पण इतकी वर्षं तोंडं पाहिलेल्या माणसाचं बोट खोटं बोलत नाही.

"काय आहे?" थोरल्यांनी विचारलं.

"दाढेची कड धारदार झाली आहे, ती घासते. कड गुळगुळीत करून देतो. लावायला मलम देतो. दोन आठवड्यांनी बघू."

यात चुकीचं काही नव्हतं. कॉलेजात असंच शिकवतात: आधी घासणारं कारण काढा, दोन आठवडे थांबा, भरली नाही तर पुढे पाठवा. डॉक्टरांनी स्वतःला असं दोनदा सांगितलं. तरी एखादा शिक्षक किंवा दुकानदार त्या खुर्चीत असता तर त्यांनी त्याच दिवशी चिठ्ठी लिहून दिली असती, हेही त्यांना माहीत होतं.

"दोन आठवडे ना? येतो," असं म्हणून थोरले उठले आणि जाता जाता काउंटरवर बसलेल्या डॉक्टरांच्या बायकोला म्हणाले, "वहिनी, तुमच्या नवऱ्याचा हात हलका आहे हो."

रविवारी डॉक्टरांनी बैठकीत सांगितलं. आपण सांगणार नाही असंच ठरवून ते आले होते. पण मास्तर त्याच शेअरचं कौतुक करत होते, अजून वीस टक्के वर जाईल म्हणत होते, आणि डॉक्टरांना तोंड बंद ठेवणं जमेना. शिवाय एकदा तरी या खोलीत असं काही बोलावं की तिघं कान देऊन ऐकतील, ही हौस होतीच.

"थोरल्यांना बहुतेक कॅन्सर आहे," ते म्हणाले. "जिभेचा."

काकांनी थर्मासचं झाकण घट्ट लावलं.

"कुणाकुणाला माहीत आहे?" मामीने विचारलं.

"मला."

"त्यांना?"

"नाही. दोन आठवड्यांनी बोलावलंय."

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. "हे बाहेर पडलं तर पहिल्या दिवशी पंधरा टक्के जाणार. पुढच्या आठवड्यात आणखी वीस."

"वाईट झालं हो," काका म्हणाले. "माणूस तसा..."

"वाईट झालंच," मामी म्हणाली. "आता आपलं वाईट होऊ नये ते बघा. मास्तर, विकायला किती दिवस लागतील?"

मास्तरांनी डोक्यात गणित मांडलं. अडचण अशी होती की या शेअरला रोज फार गिऱ्हाईक नसायचं. चौघांनी एकदम माल ओतला असता तर यांच्याच विक्रीने भाव पडला असता, आणि काहीतरी शिजतंय असा बाजाराला वास आला असता. थोडे थोडे काढायला हवे होते.

"दोन आठवड्यांत नाही व्हायचं," ते म्हणाले.

मग तिघंही डॉक्टरांकडे बघायला लागले. या बैठकीत आजवर असं कधी झालं नव्हतं.

"तारीख थोडी पुढे गेली तर काय होतं?" मामीने अगदी साधेपणाने विचारलं, वेळापत्रक विचारावं तसं.

"वाढतं."

"म्हणजे जीव जातो का लगेच?"

"लगेच नाही."

"मग झालं तर. तुम्ही त्याला मारत नाही आहात, डॉक्टर. देवाने जे दिलंय ते तुम्ही थोडं उशिरा सांगताय इतकंच. आणि तुम्हाला दिसलंच नसतं तर? दुसऱ्या एखाद्या डॉक्टरला दिसलंही नसतं."

काकांनी मान डोलावली. मास्तर म्हणाले, "आठ-दहा टक्के डॉक्टरांना तर नाहीच दिसत."

डॉक्टर घरी गेले आणि दुसऱ्या दिवसापासून विकायला लागले.

दोन आठवडे भरायच्या आदल्या दिवशी त्यांनी बायकोला सांगितलं, "उद्याची थोरल्यांची वेळ पुढे ढकल. मी गावाला गेलोय म्हणून सांग."

"तुम्ही तर इथेच आहात."

"अगं, खुर्चीचं काम निघालंय. तेवढं सांग ना."

तिने फोन केला. पुढच्या आठवड्यात थोरल्यांचाच फोन आला. जखम भरत नाही, रात्री कानात ठणका लागतो, आज येऊ का? बायकोने रिसीव्हरवर हात ठेवून डॉक्टरांना विचारलं. डॉक्टरांनी मान हलवली. "सगळा आठवडा भरलाय म्हणावं. गुळण्या करायचं औषध बदलून देतो, माणूस पाठवून न्या."

"अहो, दुखतंय म्हणतात ते."

"दुखणारच. जखम आहे."

थोरल्यांनी माणूस पाठवला आणि बाटली नेली. धन्यवादही सांगून पाठवले.

काकांचे शेअर विकून झाले. मामीचे झाले, डॉक्टरांचेही झाले. बायकोच्या नावावर होते तेही. राहिले फक्त मास्तर. डॉक्टर आता रविवारची वाट न बघता रोज संध्याकाळी मास्तरांना फोन करायचे.

"मास्तर, झाले का?"

"थोडे राहिलेत. मी भाव लावून ठेवलाय, अर्धा टक्का वर. आज हुकला, उद्या लागेल."

"आहे त्या भावाने देऊन टाका ना."

"अर्धा टक्का म्हणजे काय फुकट येतो का, डॉक्टर? चक्रवाढीने बघा जरा."

असे अर्ध्या टक्क्यासाठी बरेच दिवस गेले. रोज बाजार त्या भावाच्या जवळ यायचा आणि मागे फिरायचा. डॉक्टर दवाखान्यात पेशंटच्या दाढेत सिमेंट भरताना भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचे, बाजार बंद व्हायला किती वेळ उरला ते मोजत. शेवटी एका दुपारी मास्तरांचा फोन आला. "लागला!" त्यांचा आवाज पोराला पहिला नंबर मिळाल्यासारखा होता.

डॉक्टरांनी फोन ठेवला आणि बायकोला म्हणाले, "थोरल्यांना बोलाव. उद्या सकाळी पहिली वेळ."

थोरले आले तेव्हा त्यांचे शब्द जड येत होते, सकाळीच प्यायल्यासारखे. जखम आता नखाएवढी राहिली नव्हती. जबड्याखाली बोट ठेवायची गरजच नव्हती, गाठ नुसत्या डोळ्यांना दिसत होती. डॉक्टरांनी चेहरा गंभीर केला आणि मोठ्या हॉस्पिटलातल्या सर्जनच्या नावाने चिठ्ठी लिहिली.

"वाईट आहे का?" थोरल्यांनी विचारलं.

"तपासल्याशिवाय सांगता येत नाही. पण उशीर करू नका."

हे शेवटचं वाक्य त्यांच्या तोंडून सवयीने गेलं. थोरल्यांच्या बायकोने त्यांचे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, "तुम्ही होतात म्हणून वेळेवर कळलं."

सर्जनने अर्ध्याहून जास्त जीभ काढली, मानेच्या गाठी काढल्या आणि हाताची कातडी घेऊन जिभेच्या जागी शिवली. थोरल्यांचं बोलणं गेलं. घशातून आवाज निघायचा, पण त्यातून शब्द लागत नव्हते. सर्जनने त्यांच्या बायकोला सांगितलं, "थोडं आधी आला असतात तर बरीच जीभ राहिली असती."

बातमी बाहेर पडली तेव्हा शेअर पंधरा टक्के पडला. मास्तरांनी सांगितला होता तेवढाच. त्या रविवारी काकांनी थर्माससोबत बिस्किटं ठेवली. मामीने डॉक्टरांसाठी स्वतः कप भरला आणि "आमचे डॉक्टर!" असं म्हणून पाठीवर थाप मारली. डॉक्टरांना त्या थापेने बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून रात्री झोप आली नाही.

पुढच्याच आठवड्यात परदेशी कंपनीने जाहीर केलं की गिअरबॉक्सची कंपनी आपण विकत घेतो आहोत. हॉस्पिटलातल्या पलंगावर पडल्या पडल्या थोरल्यांनी सही केली होती. धाकटे तर कधीचेच तयार होते. प्रत्येक शेअरमागे जो भाव द्यायचा ठरला, तो बैठकीने विकलेल्या भावाच्या दुपटीपेक्षा वर होता.

मामी रविवारपर्यंत थांबली नाही. भर दुपारी दवाखान्यात आली. बाहेर बाकावर गाल सुजलेला एक पेशंट बसला होता, काउंटरवर डॉक्टरांची बायको होती. मामीला कुणाची पर्वा नव्हती.

"दुप्पट, डॉक्टर! दुप्पट!" ती दारातूनच ओरडली. "नुसते गप्प बसून राहिलो असतो तरी माझ्या मुलीचं घर झालं असतं. तुम्ही आणि तुमची ती जीभ! कुणी सांगितलं होतं आम्हाला येऊन सांगायला?"

"मामी, हळू. पेशंट आहेत."

"एवढे दिवस त्या माणसाला ताटकळत ठेवलंत, आम्हाला कामाला लावलंत, आणि हातात काय आलं? त्यापेक्षा पहिल्याच दिवशी पाठवला असतात तर तोही सुटला असता आणि आपणही!"

बोलता बोलता तिला दम लागला. बाकावरच्या पेशंटने गालावरचा हात काढून तिला बसायला जागा दिली. ती बसली नाही. "रविवारी येऊ नका," एवढं म्हणून निघून गेली.

डॉक्टर तिथेच उभे राहिले. त्या क्षणी त्यांना थोरल्यांची आठवण आली नव्हती. दुप्पट म्हणजे आपले किती झाले असते याचा हिशेब त्यांच्या डोक्यात चालू होता. तो हिशेब थांबवावा असं त्यांना वाटलं, पण तो पुरा होईपर्यंत थांबला नाही.

संध्याकाळी दिवे मालवताना बायको म्हणाली, "फोन मी केले होते."

"अगं, दोन आठवडे थांबायचंच असतं. पुस्तकात लिहिलंय."

"बायकोकडून खोटं बोलवून घ्या, असंही लिहिलंय का पुस्तकात?"

"तुला त्यातलं काही कळत नाही."

"दुखतंय म्हणून ते फोनवर सांगत होते. मी ऐकत होते, आणि तुम्ही मान हलवलीत." तिने काउंटरच्या खणाला कुलूप घातलं. "माझ्या नावावरचेही विकलेत ना?"

दुसऱ्या दिवशी ती दवाखान्यात उशिरा आली. कुठे गेली होतीस, असं त्यांनी विचारलं तेव्हा म्हणाली, "थोरल्यांच्या घरी. जे होतं ते सांगून आले."

डॉक्टरांनी हातातलं काम टाकलं. "काय म्हणाले?"

"ते कसे म्हणतील?" ती म्हणाली आणि कामाला लागली.

पोलीस येतील, वकिलाची नोटीस येईल, वर्तमानपत्रात नाव येईल, अशा धास्तीत डॉक्टरांनी दिवस काढले. दाराची बेल वाजली की ते आधी पडद्याआडून बघायचे. कुणीच आलं नाही. आले ते थोरलेच, बायकोचा हात धरून. कॅन्सरवर किरणं द्यायच्या आधी तोंडातले किडके दात काढून टाकावे लागतात, नाहीतर पुढे जबडा सडतो. हॉस्पिटलात ते काम झालं असतं. थोरल्यांनी नकार दिला होता. माझ्या डॉक्टरकडेच जाईन, असं त्यांनी लिहून दिलं होतं.

ते खुर्चीत बसले. गळ्याशी लाल व्रण, गाल आत गेलेला, डोळे मात्र तेच. मुलांची असते तशी पुसता येणारी एक पाटी त्यांच्या मांडीवर होती. डॉक्टर हातमोजे चढवत होते, तेवढ्यात त्यांनी पाटीवर लिहून ती वर केली.

"काय भावाने?"

"म्हणजे?" डॉक्टरांनी विचारलं.

थोरल्यांनी अक्षरांखाली रेघ ओढली आणि वाट पाहत राहिले. डॉक्टरांनी दाराकडे पाहिलं. दारात थोरल्यांची बायको उभी होती, तिच्या मागे त्यांची स्वतःची. शेवटी त्यांनी भाव सांगितला. खरा सांगितला.

थोरल्यांनी तो आकडा पाटीवर लिहिला. त्याच्या वर परदेशी कंपनीचा आकडा लिहिला, खाली रेघ मारली आणि पाटी व पेन डॉक्टरांच्या हातात दिलं. वजाबाकी डॉक्टरांनी करायची होती.

त्यांनी ती केली. हातमोज्यातून पेन नीट धरता येत नव्हतं, एकदा हातचा चुकला, पुसून पुन्हा करावी लागली. थोरले बघत होते. उत्तर आल्यावर त्यांनी पाटी घेतली, बरोबर असल्याची खूण केली, आणि घशातून एक आवाज काढला. ते हसत होते. मग मागे रेलले आणि तोंड उघडलं.

डॉक्टरांनी त्या दिवशी सात दात काढले. शस्त्रक्रियेनंतर तोंड पुरतं उघडत नव्हतं, भुलीचं इंजेक्शन नीट जागेवर जाईना, एका दाढेचं मूळ आत तुटलं आणि ते शोधून काढावं लागलं. थोरल्यांनी एकदाही थांबवायला हात वर केला नाही. घाम फुटला तो डॉक्टरांना. तो गालावरून ओघळून थोरल्यांच्या गळ्याच्या रुमालावर पडत होता.

थोरल्यांच्या बायकोला तक्रार करायची होती. डॉक्टरांच्या परिषदेकडे, कोर्टात, जिथे जमेल तिथे. तिने वकीलही पाहिला होता. थोरल्यांनी पाटीवर फक्त "नाही" लिहिलं. तिने कारण विचारलं तेव्हा लिहिलं, "त्याचा दवाखाना बंद पडेल." तिला वाटलं, दुखण्याने माणूस मऊ पडला. बाहेर बाकावर बसून तिने हे डॉक्टरांच्या बायकोला रडत रडत सांगितलं, आणि डॉक्टरांनीही ते ऐकलं. त्या रात्री ते कित्येक दिवसांनी पोटभर जेवले.

मऊपणा नव्हता, हे त्यांना पुढच्या महिन्यात कळलं. किरणांनंतर तोंडात लाळ सुटत नाही, दात भराभर किडतात, दर महिन्याला तोंड तपासावं लागतं, आणि ते जन्मभर. थोरले दर महिन्याला येऊ लागले. डॉक्टरांनी एकदा सुचवून पाहिलं, "मोठ्या हॉस्पिटलात यासाठी वेगळा विभाग आहे. माझ्यापेक्षा चांगले लोक आहेत." थोरल्यांनी लिहिलं, "तुम्हीच." वेळ डॉक्टरांची बायको द्यायची, नवऱ्याला न विचारता. एकदा ताप आल्याचं सांगून डॉक्टर घरीच पडून राहिले. थोरले बाकावर दिवसभर बसून राहिले, दुसऱ्या दिवशी पुन्हा येऊन बसले.

बैठकीत चौथ्या खुर्चीवर आता एक विमा एजंट बसायचा. मास्तर रस्त्यात दिसले तर पलीकडच्या फुटपाथवर जायचे. मामी मात्र दाढ दुखायला लागली तेव्हा आली, कारण बाकीचे डॉक्टर महाग होते. बाहेर थोरले बसलेले पाहून ती आत आल्या आल्या हळूच म्हणाली, "बराच खराब दिसतोय. धाकट्याने म्हणे नवी कंपनी काढली आहे, थोरला पैसा घालतोय त्यात. किती दिवस काढेल हो हा? तुमचा काय अंदाज?"

"तोंड उघडा," डॉक्टर म्हणाले.

तिच्यानंतर थोरल्यांचा नंबर होता. डॉक्टरांनी दिवा खाली ओढला. जिभेच्या जागी हाताची कातडी होती, गुळगुळीत, फिकट, आणि तिच्यावर हातावर असतात तसेच बारीक केस उगवायचे. ते घशाला टोचायचे, ओकारी यायची. दर महिन्याला ते कापणं हे डॉक्टरांचं काम होतं. त्यांनी छोटी कात्री उचलली, एका हाताने गाल बाजूला धरला आणि एकेक केस कापून कापसावर ठेवायला सुरुवात केली. इतर पेशंट अशा वेळी डोळे मिटून घेतात. थोरले मिटत नसत. पुरतं काम होईपर्यंत ते डॉक्टरांच्या डोळ्यांत बघत राहायचे, आणि बाहेर थोरल्यांची बायको पुढच्या महिन्याची वेळ घेत असायची.